संमतीपत्रावर सही करू का?

प्रश्न : ताई, नवरा आणि मी आठ महिन्यांपासून वेगळे राहतो. आमचा मुलगा सात वर्षांचा आहे. ताब्याचा दावा कोर्टात चालू आहे, अजून निकाल नाही. सध्या मुलगा आठवड्यातले चार दिवस माझ्याकडे आणि तीन दिवस त्याच्याकडे असतो. आम्ही राहतो त्या देशातले आम्ही दोघंही मूळचे नाही. माझं माहेर एका देशात, त्याचं घर दुसऱ्या देशात. मुलाकडे दोन देशांचे दोन पासपोर्ट आहेत, एक माझ्याकडे आणि एक त्याच्याकडे.

आता सुट्टीत सहा आठवडे मुलाला आपल्या आईकडे न्यायचं असं तो म्हणतोय. सासूबाई आजारी आहेत हे खरं आहे. त्यासाठी त्याने संमतीपत्र पाठवलंय आणि महिनाअखेरपर्यंत सही मागतोय. पण गेल्या महिन्यात त्याने भाड्याचं घर सोडण्याची नोटीस दिली, गाडी विकली आणि शाळेकडून मुलाची प्रगतिपुस्तकं, लसीकरणाच्या नोंदी यांच्या प्रती मागून घेतल्या. परवा मुलगा सहज म्हणाला, "आजीकडच्या शाळेत पोहण्याचा तलाव आहे." मी विचारलं, तर नवरा म्हणाला, तुझ्या डोक्यात संशयच भरलाय.

माझे तीन प्रश्न आहेत. सही करू का? माझ्याकडचा पासपोर्ट लपवून ठेवू का? आणि माझी मैत्रीण म्हणते, तो नेण्याआधी तूच मुलाला घेऊन माहेरी निघून जा, मग कोर्टकचेरी तिथून कर. तसं करू का?

– एक आई

उत्तर : तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तुमच्या पत्रातलं सगळ्यात धोक्याचं वाक्य तेच आहे. जाऊ नका. मैत्रिणीच्या मायेबद्दल मला शंका नाही, पण तिचा सल्ला ऐकलात तर ज्या गोष्टीची तुम्हाला भीती वाटतेय तीच तुमच्या हातून घडेल. त्याने नेलं तर अपहरण आणि आईने नेलं तर माहेरपण, असा फरक कायदा करत नाही.

या विषयातला मुख्य आंतरराष्ट्रीय करार हेगचा, २५ ऑक्टोबर १९८० चा. आज १०० हून अधिक देश त्यात आहेत. १६ वर्षांखालच्या मुलांना तो लागू होतो. नवराबायकोत चूक कोणाची, हे तो विचारतच नाही. मूल नेहमी जिथे राहत होतं त्या देशातून त्याला दुसऱ्या पालकाचा ताब्याचा हक्क डावलून हलवलं का, किंवा सुट्टीला म्हणून नेऊन तिकडेच ठेवून घेतलं का, एवढंच तो पाहतो. तसं झालं असेल तर मुलाला परत पाठवा, ताब्याचं भांडण तिथल्या कोर्टात मिटू दे, असा त्याचा साधा हिशोब आहे. करार लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ताबा न मिळालेला, मुलाला उचलून नेणारा बाप होता. प्रत्यक्षात आज या कराराखालच्या दर चार अर्जांपैकी सुमारे तीनांत मुलाला नेणारी व्यक्ती आई असते, आणि बहुतेकदा मुलाचं रोजचं सगळं करणारीच. यातल्या कित्येकजणींना कोणीतरी मायेने सांगितलेलं असतं, "तू निघ, पुढचं पुढे बघू."

पुढचं काय होतं ते मी पाहिलंय. मी बरीच वर्षं कौटुंबिक वादांत समुपदेशनाचं काम केलं. एक आई चार महिने माहेरी राहून कोर्टाच्या आदेशाने परत आली, तेव्हा तिची नोकरी गेली होती, घर गेलं होतं आणि तिच्या प्रत्येक अर्जावर समोरचा वकील एकच वाक्य म्हणत होता : "या बाई पुन्हा जाणार नाहीत कशावरून?" त्यानंतर दोन वर्षं तिला मुलीला भेटायला एक देखरेख करणारी बाई सोबत घ्यावी लागली. तिचा नवरा काही आदर्श नव्हता. पण ते ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत कोर्ट उरलं नव्हतं. शिवाय बऱ्याच देशांत हा फौजदारी गुन्हाही आहे. इंग्लंडमध्ये त्यासाठी १९८४ पासून वेगळा कायदा आहे, अमेरिकेत १९९३ पासून तो केंद्रीय गुन्हा आहे.

एक अपवाद आहे आणि तो मोठा आहे. तुमच्या पत्रात मारहाणीचा किंवा धमक्यांचा उल्लेख नाही. तसं काही असेल आणि लिहायचं राहिलं असेल, तर या उत्तराचा क्रम बदलतो. मग आधी सुरक्षित जागा, पोलिसांत नोंद, संरक्षणाचा आदेश आणि मग बाकी सगळं. परत पाठवल्याने मुलाला गंभीर धोका होणार असेल तर परत न पाठवण्याची तरतूद करारातच आहे, पण कोर्टं तिचा अर्थ फार अरुंद लावतात. तेव्हा 'आधी पळ, मग सांग' यापेक्षा 'आधी सांग, मग परवानगीने जा' हाच रस्ता धरा. तुम्हाला खरोखरच माहेरच्या देशात राहायला जायचं असेल तर स्थलांतराच्या परवानगीचा अर्ज करता येतो. वेळ लागतो, नकारही मिळू शकतो, पण होकार मिळाला तर तो कायमचा टिकतो.

आता पासपोर्ट. लपवू नका, सोपवा. उशीखाली ठेवलेला पासपोर्ट उद्या कोर्टात तुमच्याविरुद्ध मुद्दा होतो : "बघा, सासू आजारी असताना अडवणूक करतात." तोच पासपोर्ट वकिलांकडे दिला आणि समोरच्या वकिलांना कळवलं की "मुलाचे दोन्ही पासपोर्ट कोर्टाकडे किंवा दोघांना मान्य असलेल्या वकिलाकडे ठेवू, आमचा दिला आहे, तुमचा द्या", की तुमची बाजू सरळ दिसते आणि त्याच्याकडचा पासपोर्ट मागायला तुम्हाला तोंड राहतं. खरा प्रश्न तुमच्याकडच्या पासपोर्टाचा नाहीच, त्याच्याकडच्याचा आहे.

दोन नागरिकत्वांची मुलं या बाबतीत फार नाजूक जागी असतात. इथलं कोर्ट इथल्या पासपोर्ट कार्यालयाला सांगू शकतं, पण दुसऱ्या देशाचा दूतावास इथल्या आदेशाला बांधील नसतो. 'हरवला' म्हणून अर्ज करून नवा पासपोर्ट काढता येतो, काही ठिकाणी एकाच पालकाच्या सहीवरही निघतो. तरी त्या दूतावासाला लेखी कळवाच. सोबत कोर्टाच्या आदेशाची साक्षांकित प्रत जोडा, मुलाच्या नावाने पासपोर्ट किंवा प्रवासाची तात्पुरती कागदपत्रं देण्याआधी मला कळवा अशी विनंती करा, आणि पोच घ्या. कळवतीलच असं नाही. पण उद्या कोर्टात सांगताना 'मी कळवलं होतं' हे कागदावर असणं आणि नसणं यात खूप अंतर आहे.

तुम्ही राहता त्या देशाचं नाव पत्रात नाही, म्हणून नियम नेमके सांगता येत नाहीत. पण वकिलांना काय विचारायचं ते कळावं म्हणून तीन देशांची उदाहरणं देते. अमेरिकेत १६ वर्षांखालच्या मुलाच्या पासपोर्टला दोन्ही पालकांची संमती लागते, आणि परराष्ट्र खात्याकडे मुलाचं नाव नोंदवून ठेवलं तर कोणी त्याच्यासाठी पासपोर्टचा अर्ज केल्यास ते पालकाला कळवतात. पण ही सूचना फक्त अमेरिकी पासपोर्टपुरती. त्यातून आधीच काढलेला पासपोर्ट रद्द होत नाही. आणि अमेरिकेतून बाहेर पडताना प्रवाशांचे पासपोर्ट तपासणारी सरकारी खिडकीच नसते, हे बहुतेकांना प्रसंग येईपर्यंत माहीत नसतं. मुलाला देशाबाहेर नेण्याची मनाई करणारा कोर्टाचा आदेश असेल तर सीमा खात्याकडे तशी नोंद करून घेता येते. ब्रिटनमध्ये पोलीस बंदरांना आणि विमानतळांना इशारा देतात, पण धोका खरा आणि अगदी तोंडावर आलेला, म्हणजे येत्या २४ ते ४८ तासांतला असावा लागतो, आणि नाव २८ दिवस यादीत राहतं. ऑस्ट्रेलियात केंद्रीय पोलिसांची कौटुंबिक वादांसाठी वेगळी यादी आहे. तिथे कोर्टात रीतसर अर्ज दाखल झाला की मुलाचं नाव घालता येतं आणि विमानतळावर ते अडवतात. एका ठिकाणी तुम्हाला महिनाभर आधी हालचाल करता येते, दुसऱ्या ठिकाणी अगदी ऐन वेळी. म्हणून वकिलांना पहिला प्रश्न हाच विचारा : या देशातून बाहेर पडताना मुलाला अडवणारं कोणी आहे का, आणि त्याच्यापर्यंत आपला कागद कसा पोचतो? जमिनीवरच्या सीमेचंही विचारा. युरोपातल्या शेंगेन देशांच्या आपसातल्या सीमांवर सहसा कोणी पासपोर्ट पाहत नाही. मग विमानतळ गाठायला शेजारचा देश आहेच.

आता तुमच्या भीतीकडे. ती वेडेपणाची नाही. घर सोडलं, गाडी विकली, शाळेची कागदपत्रं मागितली : यातली प्रत्येक गोष्ट एकेकटी निरुपद्रवी असू शकते. स्वस्त घर शोधत असेल, पैशांची ओढाताण असेल, वकिलानेच कागद मागवले असतील. पण तिन्ही एका महिन्यात, आणि त्याच महिन्यात सहा आठवड्यांच्या प्रवासाची मागणी, म्हटल्यावर कोर्टाने लक्ष द्यावं इतकं ते नक्कीच आहे. सुट्टीवर जाणारा माणूस घर सोडत नाही.

फक्त कोर्टासमोर हे कसं ठेवायचं ते नीट समजून घ्या. "मला भीती वाटते" याला तिथे फारसं वजन नसतं. "अमुक तारखेला घरमालकाला नोटीस, अमुक तारखेला गाडीची विक्री, अमुक तारखेला शाळेला ईमेल, इथे नव्या घराचा करार नाही, परतीचं तिकीट दाखवलेलं नाही" याला वजन असतं. एक वही करा. रोज रात्री दोन ओळी, तारीख घालून, विशेषणं न लावता. आणि कृपा करून एक मुद्दा त्यात घालू नका : "त्याच्या देशातले लोक असंच करतात." तो कोणत्या देशाचा, धर्माचा किंवा भाषेचा आहे हा पुरावा नव्हे. उलट त्या वाक्याने तुमच्या खऱ्या पुराव्यावरची नजर हटते. त्या देशातला कायदा काय आहे हा मात्र पुरावा आहे. त्याकडे येतेच.

त्याचा फोन, ईमेल उघडून पाहण्याचा मोह होईल. आवरा. चोरून मिळवलेला पुरावा कोर्ट नाकारू शकतं आणि वर तुमच्यावरच गुन्हा लागू शकतो. तसंच मुलाची उलटतपासणी घेऊ नका. तो तलावाबद्दल आपणहून बोलला, ते वहीत त्याच्याच शब्दांत लिहा आणि थांबा. "बाबांनी आणखी काय सांगितलं?" असं चारदा विचारलंत की सात वर्षांचं मूल तुम्हाला हवं ते उत्तर द्यायला शिकतं. मग त्याच्या खऱ्या बोलण्यालाही किंमत उरत नाही.

आता सही. आत्ता जे संमतीपत्र तुमच्यासमोर आहे त्यावर करू नका. पण 'नाही' म्हणूनही थांबू नका. हा प्रवास कोर्टामार्फत ठरवून घ्या.

सहीची किंमत बहुतेकांना ठाऊक नसते. हेग करारात परतीच्या मागणीला जी थोडी उत्तरं आहेत त्यातलं एक म्हणजे, "मागे राहिलेल्या पालकाने संमती दिली होती" किंवा "नंतर मान्य केलं होतं." 'मुलाला घेऊन अमुक देशात जायला माझी हरकत नाही' एवढंच लिहिलेला कागद, ज्यावर परतीची तारीख नाही, हेतू लिहिलेला नाही, तो समोरच्याच्या हातात आयता पुरावा असतो. आणि 'नंतर मान्य केलं' हे तर फोनवरच्या मेसेजमधूनही निघतं. माझ्याकडे आलेल्या एका बापाची गोष्ट. बायको मुलाला घेऊन तीन आठवड्यांसाठी गेली. मग मेसेज आला, "आईला बरं नाही, अजून दोन आठवडे राहू का?" याने सज्जनपणे लिहिलं, "चालेल, काळजी घे." असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी बायकोने सांगितलं की मुलाचं नाव शाळेत घातलंय. याचे चारही 'चालेल' छापून कोर्टात जोडलेले होते. सज्जन असण्याबद्दल पश्चात्ताप व्हावा असं त्याच्या वाट्याला आलं याचं मला अजूनही वाईट वाटतं. त्याने तारीख घालून एवढंच लिहायला हवं होतं : "१४ तारखेपर्यंत मान्य, त्यानंतर नाही. मुलाचं घर इथेच आहे."

तेव्हा वकिलांना सांगून दोन गोष्टी मागा. पहिली, तातडीचा अंतरिम आदेश : कोर्टाच्या लेखी परवानगीशिवाय किंवा दोघांच्या लेखी संमतीशिवाय मुलाला या देशाबाहेर नेता येणार नाही, आणि त्याच्यासाठी नवा पासपोर्ट काढता येणार नाही. त्या आदेशात मुलाचं नेहमीचं वास्तव्य कोणत्या देशात आहे, ताब्याचा निर्णय करण्याचा अधिकार कोणत्या कोर्टाला आहे आणि सध्या मुलगा कोणत्या दिवशी कोणाकडे, हे सगळं शब्दांत यायला हवं. 'दोघांनी समजुतीने ठरवावं' अशा गुळगुळीत आदेशाने सीमेवरचा अधिकारी काहीच करू शकत नाही. त्याला एका नजरेत कळेल असं 'नेऊ नये' हे वाक्य लागतं.

हे एक वाक्य किती लांब पोचतं त्याचं उदाहरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० मधल्या अ‍ॅबट विरुद्ध अ‍ॅबट या निकालात आहे. नवरा ब्रिटिश, बायको अमेरिकी, राहायला चिलीत. वेगळे झाल्यावर मुलाचा रोजचा ताबा आईकडे आणि वडिलांकडे फक्त भेटीचा हक्क होता. पण चिलीच्या कायद्याप्रमाणे वडिलांच्या संमतीशिवाय मुलाला देशाबाहेर नेता येत नव्हतं. आई मुलाला घेऊन टेक्सासला गेली. वडिलांकडे ताबा नव्हताच, मग हक्क कसला डावलला, असा प्रश्न होता. न्यायालयाने सांगितलं की मुलाला देशाबाहेर नेण्यास नकार देण्याचा अधिकार हाही करारातल्या अर्थाने ताब्याचा हक्कच. म्हणजे ज्याच्याकडे मूल राहत नाही, त्या पालकालाही ते वाक्य परतीच्या मागणीचा पाया देतं. तुमच्याकडे तर मुलगा चार दिवस राहतो.

दुसरी गोष्ट, प्रवासाच्या अटी. सासूबाई खरंच आजारी आहेत असं तुम्हीच लिहिलंय, आणि नातवाला आजी एकच... बरं, दोन असतात, पण ही आजारी आहे. प्रवास कायमचा अडवणं हे माझ्या मते शेवटचं हत्यार असावं. कोर्टालाही तुम्ही वाट सुचवताय हे दिसलं की तुमचं बाकीचं म्हणणं ते जास्त शांतपणे ऐकतं. सहा आठवड्यांऐवजी दोन, आधी काढलेलं परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता, ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल, परतल्यावर ४८ तासांत पासपोर्ट पुन्हा वकिलाकडे. आणि एक भरभक्कम रोख हमी, जी परतला नाही तर तुम्हाला तिकडे खटला लढायला मिळेल. नुसत्या परतीच्या तिकिटावर विसंबू नका, ते रद्द करायला एक मिनिट लागतं. हमीची रक्कम त्याच्या ऐपतीच्या मानाने चांगली टोचेल अशी असावी.

यातली सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कमी मागितली जाणारी अट म्हणजे जुळा आदेश. इथल्या कोर्टाने जे ठरवलं तेच शब्दशः तिथल्या कोर्टाकडून प्रवासाआधी मंजूर करून घ्यायचं. मग तिथे गेल्यावर तो फिरला तर तुमच्या हातात परदेशी कागद नसतो, तिथलाच आदेश असतो. दोन्ही देश १९९६ च्या हेग बालसंरक्षण करारात असतील तर आदेशाला आधीच मान्यता मिळवण्याची सोयही त्यात आहे. खर्च आणि वेळ लागतो, म्हणून वकील आळस करतात. तुम्ही आठवण करून द्या.

तिथला कायदा काय, यावर अटी किती कडक मागायच्या ते ठरतं. देश हेग करारात आहे का, एवढं पाहून भागत नाही. नंतर सामील झालेल्या देशाला प्रत्येक जुन्या सदस्याने स्वतंत्रपणे स्वीकारावं लागतं, तेव्हा त्या दोघांत करार चालू होतो. म्हणून प्रश्न असा विचारा : 'या दोन देशांमध्ये करार लागू आहे का, आणि कोणत्या तारखेपासून?' जपानमध्ये तो १ एप्रिल २०१४ पासून लागू झाला. त्याआधी तिकडे नेलेल्या मुलांच्या परतीसाठी त्याचा उपयोग नव्हता. भारत अजून करारात नाही. विधी आयोगाने २००९ मध्ये सामील होण्याची शिफारस केली, २०१६ मध्ये पुन्हा अहवाल दिला, तरी गाडी पुढे गेली नाही. तिथे मागे राहिलेला पालक सहसा बंदी प्रत्यक्षीकरणाची, म्हणजे हेबियस कॉर्पसची याचिका करतो. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नित्या आनंद राघवन खटल्यात म्हटलं की परदेशी कोर्टाचा आदेश ही विचारात घ्यायची एक गोष्ट आहे, पण निर्णय मुलाच्या हितावर होईल. २०२२ मध्ये वसुधा सेठी खटल्यात त्याच न्यायालयाने मुलाला अमेरिकेत परत पाठवण्याचा आदेश कायम ठेवला. म्हणजे परत मिळतच नाही असं नव्हे, पण आधी सांगता येत नाही. असा देश असेल तर प्रवासाला परवानगी देताना इथलं कोर्टही दहा वेळा विचार करतं, आणि करावा.

करारातल्या देशांतही परत मिळवणं म्हणजे बटण दाबणं नव्हे. कागदावर ६ आठवड्यांची अपेक्षा आहे, प्रत्यक्षात कित्येक महिने जातात. आणि अर्ज करायला एक वर्षाहून जास्त उशीर झाला तर मूल तिथे रुळलं या कारणाने कोर्ट परत पाठवायला नकार देऊ शकतं. 'थोडी वाट पाहू, येईल स्वतःहून' यात ते वर्ष कसं सरतं हे मी पाहिलेलं आहे. दर आठवड्याला नवीन कारण असतं आणि प्रत्येक कारण खरं वाटतं.

समजा, सगळं करूनही तो गेला किंवा जातोय असं कळलं. मग रडायला नंतर वेळ मिळेल. आधी पोलीस आणि वकील एकाच वेळी, विमान उडायचं असेल तर सीमेवरचा इशारा, उडालं असेल तर तुमच्या देशातल्या हेग कराराच्या केंद्रीय प्राधिकरणाकडे अर्ज. बेपत्ता मुलांसाठी इंटरपोलची पिवळी नोटीस असते, ती पोलिसांमार्फतच निघते. यासाठी एक फाइल आजच तयार ठेवा : मुलाचा गेल्या तीन महिन्यांतला फोटो, दोन्ही पासपोर्टच्या प्रती, जन्मदाखला, कोर्टाचे सगळे आदेश, नवऱ्याचा फोटो, तिकडच्या नातेवाइकांचे पत्ते. एक प्रत तुमच्याकडे, एक वकिलांकडे. उपयोगाला न आली तर उत्तमच.

शाळेलाही आदेशाची प्रत द्या आणि कोणत्या दिवशी कोण न्यायला येणार ते लेखी कळवा. आदेश नसेल तर बाप आलाय म्हटल्यावर शाळा त्याला अडवू शकत नाही, त्यात त्यांची चूक नाही.

आणि मुलगा. "बाबा तुला पळवून नेतील" हे वाक्य त्याच्या कानावर पडता कामा नये, तुमच्याकडूनही नाही आणि फोनवर मैत्रिणीशी बोलतानाही नाही. त्याला देशाच्या कोडसकट तुमचा नंबर पाठ करायला लावा. गाण्यासारखा, गंमत म्हणून. दुसऱ्याच्या फोनवरून व्हिडिओ कॉल कसा लावायचा ते शिकवा. आई कुठेही असली तरी तुझा फोन घेणारच, हे त्याला सांगा. एवढं त्याला पुरे. तलावाबद्दल पुन्हा बोलला तर "अरे वा, तुला पोहायला आवडेल ना?" म्हणा आणि जवळच्या तलावावर घेऊन जा.

तुमच्या नवऱ्याबद्दल मला एवढंच दिसतं की तोही घाबरलेला असू शकतो. ताब्याचा निकाल लागला नाही, घर मोडलं, आई आजारी. आपण मुलाच्या आयुष्यातून 'शनिवार-रविवारचा पाहुणा' होणार ही धास्ती माणसाला विमानतळावर नेते. म्हणून अर्जाबरोबर मध्यस्थीची तयारी दाखवा. त्याचे तीन दिवस, सणवार, सुट्ट्या, आजीशी रोजचा कॉल हे आदेशात पक्कं लिहून द्यायला तुम्ही तयार आहात, असं तुमच्या वकिलांनी त्याच्या वकिलांना कळवू दे. फक्त क्रम लक्षात ठेवा : आधी मनाईचा आदेश आणि पासपोर्ट, मग चहा. उलट केलंत तर बोलणी चालू असतानाच तिकीट निघतं.

त्याच्या संमतीपत्राला उत्तर द्यावं लागेलच. गप्प राहिलात तर उद्या त्याचाही अर्थ काढला जाईल. मी असं लिहिलं असतं :

"आईंच्या तब्येतीचं कळून वाईट वाटलं. त्याने आजीला भेटावं असं मलाही वाटतं. हा प्रवास आपण कोर्टातून लिहून घेऊ : तारखा, परतीचं तिकीट, पत्ता, कॉलच्या वेळा. माझे वकील या आठवड्यात मसुदा पाठवतील. तोपर्यंत त्याला देशाबाहेर न्यायला माझी संमती नाही. गुरुवारी नेहमीप्रमाणे साडेपाचला त्याला तुझ्याकडे सोडते."

पाठवण्याआधी वकिलांना दाखवा. ते लांबवतील, कायद्याची कलमं घालतील, घालू द्या. पण शेवटचं वाक्य कापायला लागले तर नाही म्हणा. आणि गुरुवारी साडेपाचला त्याला सोडा.